घराण्यातला रोग आणि घरातला रोग

लग्न जुळवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, शेती पाहतात, नोकरी पाहतात. सगळे जमत आले, पाहुण्यांचा चहा झाला, की कोणीतरी वडीलधारा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "बाकी घराण्यात काही नाही ना?" हे 'काही' म्हणजे काय, ते विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. पूर्वी त्या यादीत कोड होते, फेफरे होते, क्षय होता. आता तिथे 'लिव्हर' येऊन बसले आहे. बुलडाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, मलकापूर, नांदुरा कुठेही जा; एखाद्या घरातली दोन कर्ती माणसे डोळे पिवळे होऊन, पोटात पाणी भरून गेली, की गाव निकाल देऊन मोकळे होते, "त्यांच्या घराण्यातच लिव्हर आहे." एकदा हा शिक्का बसला की त्या घरच्या मुलीचे स्थळ मागे पडते, मुलाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो मुलगाही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो.

माझी उमेदीची बरीच वर्षे या जिल्ह्यात, बँकेच्या ग्रामीण शाखांत गेली. बँकेत वारसांची प्रकरणे पुष्कळ येतात. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. ते समोरच्या खुर्चीवर बसलेला वारस आपण होऊन सांगतो. त्याला ते कोणाला तरी सांगायचे असते. असाच एक पस्तिशीचा शेतकरी वडिलांच्या खात्यातली रक्कम घ्यायला आला होता. वडील यकृताच्या कर्करोगाने गेले होते, त्यांच्या आधी चुलते. सह्या करता करता तो अगदी शांतपणे म्हणाला, "सायेब, आमच्यात पन्नाशी कोनं पाह्यलीच नाही. मंग कायले जिवाले घोर लावून घ्यायचा?" सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. वारस म्हणून तो पैसे न्यायला आला होता. मृत्यूही त्याने वारसाहक्कातच धरला होता.

आता वारशाबद्दल बँकेत काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वारसाला जे मिळते ते सगळेच रक्तातून येत नाही. एका घरात राहणारी माणसे रक्त वाटून घेतात, तसे कोठीतले धान्य, चुलीवरचे भांडे, दाढीचे पाते, गावातल्या डॉक्टरची सुई आणि संध्याकाळची बाटली हेही वाटून घेतात. कुटुंबात दोघांना एकच रोग झाला म्हणजे तो रक्तातूनच आला, हे अनुमान घाईचे आहे. 'खाण तशी माती' ही म्हण खोटी नाही. पण त्या मातीत नंतर काय मिसळले गेले, ते ती म्हण सांगत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात घडला आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्यांना तो आठवत असेल. आमच्या लहानपणी, १९६० च्या दशकात, दीड-दोन वर्षांच्या मुलाला 'लिव्हर' होणे ही घरोघरची धास्ती होती. बाळ किरकिरे होई, पोट पुढे येई, उजव्या बरगडीखाली हात लावला तर यकृत दगडासारखे कठीण लागे. मग कावीळ, मग पोटात पाणी, आणि काही महिन्यांत पाळणा रिकामा. वैद्यकाच्या पुस्तकांत या रोगाला आपल्या देशाचेच नाव होते, 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस'. कोलकात्याहून त्याचे पहिले वर्णन १८८७ साली प्रसिद्ध झाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्याचे कारण हाती लागले नाही. एकाच आईची दोन-दोन मुले एकामागून एक जात. त्यामुळे हा रोग रक्तातला, घराण्यातला, असे लोक धरून चालत, आणि बोल अर्थातच आईच्या कुशीला लागे.

१९८० च्या सुमाराला एक गोष्ट ध्यानात आली. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अफाट असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधल्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या बरोबरीने या तांब्याचा माग काढला. त्यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कशात तापवता? कशात ठेवता? उत्तर स्वयंपाकघरात होते. कल्हई नसलेले पितळेचे किंवा तांब्याचे पातेले. पितळेतही मोठा हिस्सा तांब्याचाच असतो. अशा भांड्यात तापवून तासन्‌तास ठेवलेले दूध तांबे ओढून घेते, दुधातली प्रथिने ते धरून ठेवतात, आणि तान्ह्या बाळाच्या कोवळ्या यकृताला ते पित्तावाटे पुरते बाहेर टाकता येत नाही. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दूधदुभत्याच्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या घरांत हा रोग का दिसतो, एका भावामागून दुसऱ्याला का होतो, या कोड्यांचा उलगडा झाला. भावाभावांचे पातेले एकच होते.

आयांना सांगितले गेले की अंगावरचे दूध जास्त दिवस पाजा आणि वरचे दूध स्टीलच्या भांड्यात तापवा. तोवर स्टील स्वतःच्या पायांनी घरोघर येऊ लागले होतेच. कल्हईवाल्याची हाळी बंद झाली, पितळ मोडीत गेले, आणि १९९० च्या दशकात हा रोग पुण्यात शोधून सापडेनासा झाला. या मांडणीवर तज्ज्ञांत वाद झाले. तांब्याच्या जोडीला आणखी काही असले पाहिजे, असे काहींना वाटले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. ऑस्ट्रियाच्या टायरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालकांना गाठले होते. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवत. वंशावळी तपासल्यावर काही घराण्यांत एक जनुकीय दुबळेपणा असावा, असे तिथल्या डॉक्टरांना दिसले. तसल्या भांड्यांतले दूध कितीतरी मुले पीत. आजारी पडत ती थोडी. म्हणजे रक्ताचा हात होता. पण भांडी बदलली आणि टायरोलमधूनही रोग गेला. रक्त कोणी बदलले नव्हते.

हे उदाहरण मनाशी ठेवून यकृताच्या कर्करोगाकडे पाहू. २०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रोगी निघाले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे त्याने गेली. येणाऱ्यांचा आणि जाणाऱ्यांचा आकडा इतका जवळ असावा, यावरूनच हा आजार किती उशिरा सापडतो ते कळते. पुष्कळदा तो आधीच जखमी होऊन निबर झालेल्या यकृतात उगवतो. यकृताला ही जखम करणारे मुख्य मारेकरी माहितीतले आहेत. 'बी' आणि 'सी' जातीच्या काविळीचे विषाणू, दारू, बुरशी लागलेल्या धान्यातले विष, आणि अलीकडे लठ्ठपणा व मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी. यांतला 'बी' विषाणू सापडला कसा, ती कथा आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे.

बरुच ब्लूमबर्ग हे अमेरिकन संशोधक विषाणू शोधतच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तात वंशपरत्वे काय फरक असतात, आणि त्यामुळे एकाच रोगाला एक माणूस बळी का पडतो व दुसरा का सुटतो, हा त्यांचा विषय. त्यासाठी ते जगभरचे रक्ताचे नमुने जमवीत. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ साली त्यांनी ते 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' या नावाने प्रसिद्ध केले. ते काही कुटुंबांत दिसे, काहींत दिसत नसे. आई-बापांकडून मुलांत उतरल्यासारखे वाटे. साहजिकच हा आनुवंशिक गुण असावा, असे त्यांनी मांडले. पुढे ज्याच्या रक्तात ते नव्हते अशा एका रुग्णाच्या रक्तात ते एकाएकी उगवले आणि पाठोपाठ त्याला कावीळ झाली. जन्मजात गुण असा मध्येच उगवत नाही. तो विषाणूचा अंश होता. कुटुंबात फिरत होता तो आईकडून बाळंतपणात बाळाला, आणि रक्ताच्या संपर्कातून भावंडांना. या शोधासाठी ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आनुवंशिकतेच्या पंडितालाही घराण्याचा म्हणून जो रोग दिसला, तो प्रत्यक्षात घरातला निघाला!

ही गोष्ट कळल्यावर बऱ्याच 'लिव्हरच्या घराण्यां'चा अर्थ लागतो. जन्माच्या वेळी आईकडून हा विषाणू मिळालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांच्या अंगात तो आयुष्यभर मुक्काम करतो. धडधाकट प्रौढाला लागण झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांत तो टिकतो. बाळात शिरलेला विषाणू तीस-चाळीस वर्षे गप्प बसतो. त्या मुलाला काही होत नाही, तो शाळेत जातो, शेती करतो, लग्न करतो. आणि ऐन कर्तेपणी यकृत हात टेकते. भाऊही त्याच वयात जातो. मग गाव म्हणते, घराण्यात आहे. आजीकडून आईला आणि आईकडून मुलांना आलेला हा वारसा खराच. पण तो रक्तातून वाहत आलेला विषाणू आहे, जनुक नव्हे. जनुकाला लस नसते. याला आहे.

ही लस एके काळी श्रीमंतांची होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली देशी लस बाजारात आणली आणि किमती खाली आल्या. आपल्या सरकारी लसीकरणात ती २००२ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०११ नंतर देशभर मिळू लागली. तैवानने हे काम १९८४ सालीच सुरू केले होते. तिथे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतल्या यकृत-कर्करोगाचे प्रमाण पुढल्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. कर्करोग टाळणारी जगातली पहिली लस म्हणून ती ओळखली जाते, ती उगाच नाही. मात्र तिचा पहिला डोस बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पडायला हवा. पुढच्या डोसांच्या तारखा आपण कार्डावर जपतो. हा पहिला डोस सुट्टीच्या दिवशी झालेल्या बाळंतपणात, घरी झालेल्या बाळंतपणात, 'उद्या पाहू' म्हणण्यात हुकतो.

आता दुसरा मारेकरी. तो आपल्या जिल्ह्याच्या रोजच्या व्यवहारातला आहे. बँकेत असताना गोदामातल्या मालावर कर्ज देण्यापूर्वी माल पाहायला जावे लागे. पोत्यात परखी खुपसून दाणे काढायचे, दाताखाली चावून पाहायचे, वास घ्यायचा. परतीच्या पावसात सापडलेला मका, नीट न वाळवलेल्या शेंगा यांचा कुबट वास नाकाला लगेच कळतो. बँकेला चिंता मालाच्या भावाची. त्या वासामागे असणाऱ्या बुरशीची चिंता तारणाच्या कागदपत्रात कुठेच नसे. 'अस्परजिलस फ्लेव्हस' नावाची ही पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखभर टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा त्याचा शोध लागला. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ आदिवासी आजारी पडले, १०६ दगावले. घरातले कुत्रेही मेले, कारण त्यांनीही तीच भाकरी खाल्ली होती. तेव्हा कोणी घराणे तपासायला गेले नाही.

पण हेच विष थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेले तर माणूस लगेच मरत नाही. मग खेळ वेगळा होतो. शांघायमध्ये १८ हजारांहून अधिक पुरुषांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात १९९० च्या दशकात हे दिसले, की ज्यांच्या शरीरात फक्त या विषाच्या खुणा होत्या त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका तिपटीहून थोडा अधिक; ज्यांच्यात फक्त 'बी' विषाणू होता त्यांना सातपट; आणि ज्यांच्यात दोन्ही होते त्यांना जवळजवळ साठपट. सात आणि तीन मिळून दहा व्हायला हवेत, इथे साठ झाले. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे कळणाऱ्या माणसाला हा हिशेब सांगावा लागत नाही. १९९१ साली तर संशोधकांना या विषाची सहीच सापडली. पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी-५३ या जनुकात २४९ व्या ठिकाणी ठरावीक एकाच अक्षराचा बदल. जिथे बुरशीचे धान्य खाल्ले जाते, तिथल्या रोग्यांच्या गाठीत हा बदल वारंवार दिसतो. म्हणजे जनुक बिघडलेले आहे हे खरे, पण ते आई-बापांनी बिघडलेले दिलेले नाही. ते जेवणाच्या ताटाने बिघडवले आहे.

हे विष रांधल्याने जात नाही. भाकरीच्या तव्याला ते दाद देत नाही. बुरशी आलेली सरकीची पेंड गाई-म्हशीला घातली तर त्याचा अंश दुधात उतरतो. २०१८ सालच्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेबाहेर निघाला. उपाय मात्र आपल्या आज्यांना माहीत होते. धान्य कडक उन्हात वाळवणे, सुपात पाखडणे, काळे, सुरकुतलेले, खवट शेंगदाणे निवडून टाकणे. विषाचा मोठा भाग अशा मोजक्या खराब दाण्यांतच असतो, हे आता प्रयोगशाळेने सांगितले आहे.

मग जनुकांचे काही चालतच नाही का? चालते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अफ्लाटॉक्सिनची वासलात लावणारी प्रथिने शरीरात असतात. त्यांतल्या जीएसटीएम-१ या प्रथिनाचे जनुक कित्येक निरोगी लोकांत मुळातच नसते. बुरशीचे धान्य पोटात गेले तर अशा माणसांना थोडा अधिक धोका असावा, असे काही अभ्यास सांगतात. २००८ साली अमेरिकेत डॅलस इथे पीएनपीएलए-३ या जनुकातला एक फरक सापडला. एकाच अक्षराचा बदल. पण तो असला की यकृतात चरबी साठण्याकडे कल होतो, आणि आई व बाप दोघांकडूनही तो मिळाला असेल तर सिरॉसिसचा व कर्करोगाचा धोका बराच वाढतो. आपल्या उपखंडात या जनुकाच्या साधारण दर चार प्रतींमागे एक अशी असते. म्हणजे तो काही मोजक्या शापित घराण्यांचा नाही. माझ्यात असेल, तुमच्यात असेल, ज्यांनी स्थळ मोडले त्यांच्यातही असेल. उलट, यकृताला थोडे संरक्षण देणारा एचएसडी-१७-बी-१३ या जनुकातला फरकही २०१८ साली प्रसिद्ध झाला. निसर्गाने एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने दिले.

यातली खरी गोम २०१७ साली पुढे आली. डॅलस आणि कोपनहेगन इथल्या हजारो लोकांचे वजन आणि हे जनुक एकत्र ठेवून पाहिले, तेव्हा असे दिसले की सडपातळ माणसात हा फरक बहुतांशी झोपलेला असतो. वजन वाढत गेले की तो जागा होतो. दारूनेही तो असाच चेवतो. जनुक म्हणजे कोठीतले बियाणे म्हणा. कोठीत आहे तोवर ते काही करत नाही. ओल मिळाली की कोंब फुटतो. आणि ओल देणे न देणे पुष्कळसे आपल्या हातात असते. यकृताचे काही विकार निखळ जनुकांचे आहेत. तांबे बाहेर टाकता न येणारा विल्सनचा विकार हा त्यांतला एक. नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. कोवळ्या वयात यकृत बिघडले तर तो तपासलाच पाहिजे, कारण त्यालाही औषध आहे.

असे संशोधन आपल्या मुंबईतही होते. टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधकांनी, त्यांत डॉ. शरयू म्हात्रे आणि डॉ. राजेश दीक्षित होते, यकृताला चिकटून असलेल्या पित्ताशयाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची जनुके ताडून पाहिली आणि २०१७ साली एबीसीबी-१ व एबीसीबी-४ या जनुकांच्या परिसरातले धोक्याचे फरक जगापुढे ठेवले. हे काम मोलाचे आहे. रोग कोणत्या वाटेने येतो ते अशाने कळते, पुढे औषधे निघतात. पण त्याचा अर्थ घरोघर रक्ताच्या महागड्या जनुकीय तपासण्या करून घ्याव्यात, असा नाही. ज्या फरकावर आज कोणतीही गोळी नाही, आणि ज्याचे उत्तर काहीही आले तरी डॉक्टर वजन उतरवा, दारू सोडा, लस घ्या एवढेच सांगणार, त्यासाठी खिसा रिकामा करण्याआधी शंभरदा विचार करावा.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठी-मुठीने गळू लागले, हे सर्वांनी वाचले आहे. घरेच्या घरे आठवड्याभरात टक्कल पडून बसली. पाण्याचे नमुने गेले, दिल्ली-चेन्नईहून तज्ज्ञ आले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या वेळी एका तोंडाने कोणी म्हणाले नाही, की टक्कल त्यांच्या घराण्यातच आहे. कारण सगळे आठ दिवसांत घडले. हेच दुखणे यायला तीस वर्षे लागली असती, तर गहू विसरला गेला असता, पाणी विसरले गेले असते, आणि उरले असते फक्त आडनाव. यकृताच्या कर्करोगाचे नेमके हेच होते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये एक पिढी उभी राहते, आणि मधल्या काळात साक्षीपुरावा नाहीसा होतो.

आडनावावर खापर फोडणे सगळ्यांच्याच सोयीचे असते. घराण्याला दोष दिला की दवाखान्यात एकच सुई किती जणांना टोचली, हे कोणी विचारत नाही. गावात देशी दारूचे दुकान कोणाच्या मर्जीने चालते, हा प्रश्न उरत नाही. बाजार समितीच्या आवारात पावसात भिजणाऱ्या मक्याला छप्पर नाही, गटागटात धान्य वाळवण्याची यंत्रे नाहीत, याचा जाब द्यावा लागत नाही. घराण्याचा दोष हा एकमेव असा दोष आहे, की जो सिद्ध झाला तरी कोणाच्या पगारातून काही कापले जात नाही. भोगते ते घर, विशेषतः त्या घरातल्या मुली.

तेव्हा ज्या घरात यकृताने कोणी गेले आहे त्या घराने खचून जायचे कारण नाही. मात्र हातावर हात ठेवून बसायचेही नाही. त्या घरातल्या प्रत्येकाने, म्हातारी आई आणि सासरी गेलेल्या बहिणी यांच्यासकट, 'बी' आणि 'सी' काविळीची रक्ततपासणी करून घ्यावी. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत देण्याची तरतूद आहे. ती हक्काने मागावी. 'सी' विषाणू बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. 'बी' असेल तर तो औषधाने दाबून ठेवता येतो आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी केली तर गाठ लहान असतानाच सापडू शकते. ज्यांच्यात तो नाही त्यांनी लस घ्यावी. मोठ्या माणसालाही ती घेता येते. गरोदर बाईची तपासणी चुकवू नये आणि बाळाचा पहिला डोस चोवीस तासांच्या आत पडला की नाही, हे बारशाच्या तयारीआधी पाहावे. ज्याचे पोट कमरेच्या पट्ट्यावर आले आहे आणि साखर वाढली आहे, त्याने दारूला कधी शिवलो नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आणि जो पितो, त्याने आपल्या पिण्याला आजोबांची साक्ष काढू नये.

जनुकांचा शोध चालू राहील, राहावा. त्यातून उद्या काय निघेल ते आपली नातवंडे पाहतील. पण परतीचा पाऊस दर वर्षी येतो, आणि अंगणात ओला मका दर वर्षी पडतो. त्याला ऊन दाखवायला कोणत्याही संशोधनाची वाट पाहायला नको.